कोल्काच्या दरीत उतरायचं की काठावरूनच पाहायची?

पेरूमधल्या आरेकीपा शहरात टूरवाल्यांच्या दुकानांबाहेर फळ्यांवर कोल्का दरीच्या तीन सहली लिहिलेल्या असतात. दोन दिवसांची गाडीतली, दोन दिवसांची पायी आणि तीन दिवसांची पायी. वाचणाऱ्याला वाटतं, गाडीतली सगळ्यांत सोपी आणि तीन दिवसांची सगळ्यांत अवघड. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून ताईबरोबर आधी गाडीतली सहल केली आणि त्यानंतर भाच्याबरोबर तीन दिवस पायी गेलो. आता कोणी विचारलं तर मी हा क्रम सुचवणार नाही.

कारण सगळं उंचीच्या आकड्यांत आहे. आरेकीपा 2,335 मीटरवर. तिथून दरीकडे जाणारा रस्ता पाटापाम्पाच्या 4,910 मीटर उंच खिंडीतून जातो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. खिंड ओलांडली की चिवाय, 3,635 मीटर. दरीच्या काठावरचं काबानाकोन्दे गाव 3,287 मीटर, आणि दरीच्या तळाशी असलेलं सांगाये साधारण 2,200 मीटर. गाडीतल्या सहलीचा मुक्काम चिवायला असतो, ट्रेकवाल्यांचा दरीत. म्हणजे चालणारे आरेकीपापेक्षाही थोडं खाली झोपतात आणि गाडीत बसलेले 1,300 मीटर वर.

ताईला हे चिवायला कळलं. खिंडीत गाडीतून उतरून तिने फोटो काढले, लांबवर साबानकाया ज्वालामुखीतून निघणारी राख पाहिली, तेव्हा ती अगदी ठीक होती. संध्याकाळी ला कालेराच्या गरम कुंडातून बाहेर आल्यावर डोकं ठणकायला लागलं. रात्री दर अर्ध्या तासाने उठून बसायची आणि म्हणायची, श्वास पुरत नाही रे. तिकडे या त्रासाला सोरोचे म्हणतात. हॉटेलवाल्या बाईंनी कोकाच्या पानांचा चहा दिला, त्याने घशाला बरं वाटलं, डोकं मात्र सकाळपर्यंत तसंच. आम्ही समुद्रकाठच्या लिमाहून येऊन आरेकीपात एकच रात्र काढली होती, ती चूक आमची.

तेव्हा गाडीतली सहल डोक्याला जड आणि ट्रेक गुडघ्यांना जड, असा हा हिशोब आहे. तुमचं कुठलं दुखणं आधी डोकं वर काढतं, ते तुम्हाला ठाऊक असेलच. कुस्को किंवा पुनो या उंचावरच्या शहरांकडून आरेकीपाला येणार असाल तर शरीर उंचीला सरावलेलं असतं, चिवायची रात्र बहुतेक सुखाची जाईल. लिमाहून थेट येत असाल तर काहीही निवडा, पण आरेकीपात निदान दोन-तीन रात्री काढा. उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स ही गोळी घ्यायची असल्यास निघण्यापूर्वी इथेच आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. आणि कोकाची पानं आठवण म्हणून बॅगेत घालून भारतात आणू नका, ती इथे बेकायदा आहेत.

कोंडोर, म्हणजे अँडीजमधली प्रचंड गिधाडं, पाहायला मिळणार नाहीत या भीतीने गाडीतली सहल घेऊ नका. सहसा तिन्ही सहली सकाळी दरीकाठच्या क्रूस देल कोंदोर या ठिकाणी थांबतात. ऊन चढून दरीतली हवा तापू लागली की तीन मीटर पंखांचे हे पक्षी पंख न हलवता खालून वर येतात आणि डोक्यावरून जातात. तो क्षण सगळ्यांना सारखाच मिळतो.

आता उतरायचं ठरलं, तर दोन दिवस की तीन? उतार तोच आहे: जवळपास 1,100 मीटर, नागमोडी वाट, पायाखाली सुटे दगड आणि आपल्या सह्याद्रीत असतो तसाच घसारा. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट उतरलेल्याला पाय कसा टाकायचा हे सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की इथे सावली नाही. दोन दिवसांवाल्यांना पहाटे तीनला आरेकीपातून उचलतात. झोप नाही, खिंडीतून गाडी, मग तीनेक तास उतरण, नदीवरचा पूल, जेवण, आणि त्यानंतर कोस्न्यिरवा, मालाता ही गावं करत पुन्हा दोन-तीन तास चालून सांगाये. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी 1,100 मीटरची चढण, आणि त्याच दुपारी थकल्या अंगाने परत 4,910 मीटरची खिंड. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त खटकते. डोंगरात त्रास झाला की खाली उतरायचं हे आपल्याला पाठ असतं. इथे घरी जाणारा नेहमीचा रस्ताच वर चढतो.

तीन दिवसांवालेही पहाटेच निघतात आणि तीच चढण चढतात, तेव्हा ती टळत नाही. पण पहिला मुक्काम सान हुआन दे चुच्चोला असल्याने दुपारी पाय मोकळे होतात. आमच्या वाटाड्याने निवडुंगाच्या पानावरची पांढरी बुरशी दाखवली. बुरशी नव्हतीच ती. नखाने त्यातला एक किडा काढून त्याने भाच्याच्या तळहातावर चिरडला आणि हात कुंकवासारखा लाल झाला. हाच कोचिनील, ज्याच्यापासून अँडीजमधले लोक पूर्वापार लोकर रंगवत आले. त्या दुपारी आम्ही गावातल्या पाटाच्या पाण्याशेजारी नुसते बसून होतो. दोन दिवसांवाले तेव्हा मालाताच्या चढावर घाम पुसत असणार. दुसऱ्या दिवशीची चाल छोटी, सांगायेच्या तळ्यात डुंबायला अख्खी दुपार. तिसऱ्या पहाटे निघालो तेव्हा पाय ताजे होते आणि तरीही वर यायला सव्वातीन तास लागले.

सुट्टी मोजकी असेल, वय तिशीच्या आत असेल, राजगड-तोरणा एका दिवसात केला असेल, तर दोन दिवसांची घ्या, जमेल. बाकी सगळ्यांना मी तीनच सांगेन. चौथा मार्गही आहे: एसटीसारख्या साध्या बसने सहाएक तासांत काबानाकोन्दे गाठायचं, तिथे एक रात्र राहायचं आणि सकाळी आपले आपण थेट सांगायेला उतरायचं. वाट ठळक आहे. परतल्यावर वर आणखी एक रात्र काढता आली, तर चढण आणि खिंड एकाच दिवशी येत नाहीत. पुन्हा गेलो तर मी असाच जाईन. सोबत मात्र हवी.

मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. जानेवारी-फेब्रुवारीच्या पावसात दरडी कोसळतात, तेव्हा नको.

अमेरिकेतले जे मराठी मित्र ग्रँड कॅन्यन उतरून आलेत, त्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथल्या साउथ रिमची उंची साधारण 2,100 मीटर आहे. कोल्कात तेवढी उंची तळाला भेटते, आणि चढण तिथून सुरू होते. पहिल्या तासात छाती भरून आली तर वेग निम्मा करा, शंभर पावलं मोजा, थांबा, घोट घ्या. माणशी निदान दोन लिटर पाणी खालूनच भरून न्या, वाटेत झरा नाही. गुडघ्यांचा भरवसा नसेल तर खेचराचं आदल्या रात्री जेवतानाच सांगून ठेवा, पहाटे ऐनवेळी मिळेलच असं नाही.