दोन शिक्षकी शाळेसाठी पॅनेल, प्रोजेक्टर, टीव्ही की टॅबलेट? कोकणातील देणगीदारांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांसाठी

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांच्या बैठकीत हा विषय बहुधा निघतोच. मुंबईच्या मंडळाकडे लाख-दीड लाख रुपये जमलेले असतात आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेला काहीतरी ‘डिजिटल’ द्यावे, अशी सर्वांची मनापासून इच्छा असते. कोणी आपल्या मुलाच्या शाळेत पाहिलेले, बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचे भिंतभर पॅनेल सुचवतो, कोणी टॅबलेटचा आग्रह धरतो आणि मुख्याध्यापक संकोचाने ‘काहीही चालेल’ असे म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातील तीन शाळांत मिळून 22 वर्षे शिकवल्यावर मी एवढे खात्रीने सांगू शकतो की काहीही चालत नाही. चुकीची वस्तू आली की ती दुसऱ्या पावसाळ्यात कपाटात जाते, आणि पुढची देणगी मागायला समितीची जीभ रेटत नाही. म्हणून आपल्याकडे नेहमी चर्चेत असलेले चार पर्याय येथे शेजारी-शेजारी ठेवून पाहतो.

तुलनेचा निकष आधी ठरवायला हवा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात. आपल्या वाड्यावस्त्यांवरील शाळांत पट बहुधा वीस-पंचवीसच्या घरात असतो, म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच खोलीत दोन किंवा तीन इयत्ता असतात. मी पहिलीच्या मुलांकडून अक्षरे गिरवून घेत असतो तेव्हा तिसरी आणि चौथीची मुले काय करतात, हा आमचा रोजचा प्रश्न आहे. शहरातील शाळेत एका खोलीत एकच इयत्ता असते, त्यामुळे तेथे उत्तम ठरलेले यंत्र येथे तितकेच उपयोगी पडेल असे नाही. दुसरा निकष हवेचा आहे. आपली शाळा जूनच्या मध्यावर, नेमकी पावसाबरोबरच सुरू होते. खारा वारा, चार महिन्यांची दमट हवा आणि वारंवार जाणारी वीज यांतच यंत्राला पहिले सत्र काढावे लागते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती, हे विसरून खरेदी करू नये.

इंटरॅक्टिव्ह पॅनेल ही यांतली सर्वांत देखणी वस्तू. त्यावर बोटाने लिहिता येते, चित्र मोठे करता येते, भर उजेडात स्पष्ट दिसते आणि शिकवणाऱ्याची सावली पडत नाही. माध्यमिक शाळेत, जिथे विषयशिक्षक आहे आणि समोर चाळीस मुले आहेत, तिथे भूमितीच्या शिक्षकाने त्यावर जिओजेब्रा हे गणिताचे अॅप उघडून त्रिकोणाचा शिरोबिंदू सरकवला की तिन्ही कोनांची मापे बदलताना आणि बेरीज मात्र 180 अंशच राहताना सबंध वर्गाला एकदम दिसते. असे शिकवणे खडू-फळ्यावर अवघड आहे, आणि त्यासाठी पॅनेलचे पैसे मोजावेत असे मला वाटते. मात्र दोन शिक्षकी प्राथमिक शाळेत हेच पॅनेल शिक्षकाला एका इयत्तेपाशी बांधून ठेवते आणि बाकीच्या इयत्ता नुसत्या बघत बसतात. वजनाचाही विचार करावा लागतो, कारण 65 इंची पॅनेल चाळीस किलोच्या आसपास भरते आणि जांभ्याच्या जुन्या भिंतीत त्याचे बोल्ट घट्ट बसतीलच असे नाही. बिघाड झाला तर तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून किंवा मुंबईहून येणार, आणि तोवर ते झाकलेलेच राहणार.

प्रोजेक्टर पॅनेलपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि चित्र त्याहून मोठे देतो. आमच्या एका शाळेत तो होता. खोली कौलारू होती, अंधार नको म्हणून छपरात दोन काचेची कौले बसवलेली होती, आणि सकाळी साडेदहा वाजता त्या कौलांतून पडणारा उन्हाचा चौकोन सरकत सरकत नेमका पडद्यावर यायचा. नकाशावरची सह्याद्रीची रांग त्या चौकोनात पुसली जायची. खिडक्यांना गोणपाट लावून पाहिले, तर खोलीतली हवा कोंदट झाली आणि मुले पेंगू लागली. पावसाळ्यात उजेड कमी असतो तेव्हा चित्र चांगले दिसे, पण दमट हवेने लेन्सच्या आतल्या बाजूला बुरशीचे बारीक जाळे धरले आणि मग प्रत्येक चित्रावर एक धुरकट डाग कायमचा आला. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरचा दिवा साधारण तीन ते पाच हजार तास चालतो व नंतर बदलावा लागतो. एलईडी किंवा लेझरचे प्रोजेक्टर वीस हजार तासांपर्यंत जातात, पण त्यांची किंमतही वाढते. स्लॅबची, पडदे लावता येतील अशी खोली असल्याशिवाय किनारपट्टीवरील शाळेने प्रोजेक्टर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधा 43 इंची स्मार्ट टीव्ही दिसायला किरकोळ वाटतो. देणगीदाराला तो आपल्या घरीही असतो, म्हणून त्याचे अप्रूप वाटत नाही. पण तालुक्याच्या गावात तो दुरुस्त करणारा माणूस असतो, एका पॅनेलच्या पैशात असे तीन-चार टीव्ही येतात आणि दहा-बारा मुलांना बस्करपट्टीवर अर्धगोल करून बसवले तर सर्वांना अक्षर नीट वाचता येते. मोठ्या खोलीत शेवटच्या रांगेतील मुलाला मात्र पुस्तकाच्या पानाचा बारीक मजकूर त्यावर दिसणार नाही. पटसंख्या तीसच्या वर असेल तर 55 इंचांखाली जाऊ नये. टीव्हीची मर्यादा हीच की तो एकमार्गी आहे. मूल पाहते, ऐकते, पण त्याच्या हाताला काम मिळत नाही.

हाताला काम टॅबलेट देतो. पण ‘प्रत्येक मुलाला एक’ ही कल्पना मी देणगीदारांना नेहमी सोडून द्यायला सांगतो. पेरू देशात मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटण्यात आले आणि सुमारे 15 महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा गणितात किंवा भाषेत फरक आढळला नाही; यंत्र होते, पण शिकवण्याची पद्धत बदललेली नव्हती. याउलट दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत संगणकाने प्रत्येक मुलाची पातळी ओळखून त्याप्रमाणे गणित आणि हिंदी शिकवण्याचा जो प्रयोग झाला, त्याचे 2019 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष साडेचार महिन्यांत दोन्ही विषयांत ठळक प्रगती दाखवतात. दोन्ही ठिकाणी यंत्रेच होती. दिल्लीत सहावीच्या मुलाला तिसरीचे गणित येत नसेल तर तिसरीपासून सुरुवात होत होती, आणि एका खोलीत तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला नेमकी हीच मदत हवी असते.

म्हणून एका खोलीतल्या दहा-बारा मुलांसाठी दोन मुलांत एक, अशा हिशेबाने पाच-सहा टॅबलेट पुरतात. जोडीने बसलेली मुले एकमेकांशी बोलतात, आणि ते बोलणे फार मोलाचे असते. कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पात सी-सॉसारख्या, मध्यावर टेकलेल्या फळीवर वजने ठेवून तोल साधण्याचे एक खेळवजा साधन आहे. चौथीच्या दोन मुली त्यावर बसल्या होत्या. एका बाजूला पाच किलोची वीट मध्यापासून दोन मीटरवर होती आणि दुसरी मुलगी दहा किलोची वीटही तेवढ्याच अंतरावर ठेवून फळी कलंडताना पुन्हा पुन्हा पाहत होती. पहिलीने थोडा वेळ बघितले आणि म्हणाली, “जड हाय ती जवळ आण ना.” वीट एक मीटरवर आली आणि फळी आडवी स्थिरावली. दोघींनी श्वास रोखलेला होता, तो सोडला. त्या वेळी मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पहिलीच्या मुलांचे वाचन घेत होतो, आणि चौथीचा तास माझ्यावाचून पुढे गेला होता. फेटची ही साधने विनामूल्य आहेत, त्यांतील पुष्कळ मराठीत आली आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात.

इंटरनेटचा मुद्दा आपल्याकडे निर्णायक आहे. आमच्या वाडीत रेंज नाही. ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर येते. शनिवारी संध्याकाळी सड्यावर जाऊन पुढच्या आठवड्याचे पाठ मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचे, हा आता माझा नेम झाला आहे. 2017 साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अॅपमध्ये बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून त्या पाठाची सामग्री मिळते व ती फोनमध्ये साठवताही येते, त्यामुळे टीव्हीसाठीचा बराचसा भाग तेथेच भागतो. टॅबलेटसाठी ‘कोलिब्री’ ही विनामूल्य प्रणाली पाहावी. जुन्या लॅपटॉपवर ती बसवून गणिताचे सराव आणि गोष्टींची पुस्तके एकदा भरून ठेवली की वर्गातले टॅबलेट इंटरनेटशिवाय, केवळ वायफायने त्या लॅपटॉपला जोडता येतात आणि कोणत्या मुलाने कोणता सराव किती केला याची नोंदही शिक्षकाला दिसते. 2015 पासून चालणाऱ्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी बालकथा मोफत मिळतात, त्याही यासाठी उपयोगी आहेत.

विकतच्या सामग्रीबाबत मात्र सावध राहावे. एका कंपनीचे स्मार्ट क्लास पॅकेज आमच्या शाळेला भेट मिळाले होते. वर्ष संपले आणि एके सोमवारी पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली. नूतनीकरणाची रक्कम आमच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चापेक्षा जास्त होती. त्यातली भाषाही आमच्या पुस्तकाशी जुळत नव्हती. 2019 साली दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची ‘वीस एक, वीस दोन’ ही पद्धत आली, आणि ते पॅकेज फक्त ‘एकवीस, बावीस’ म्हणत असे. घरी संगमेश्वरी किंवा मालवणी बोलणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला पुस्तक एक सांगते आणि यंत्र दुसरे, याचा फार त्रास होतो. म्हणून सामग्री राज्याच्या अभ्यासक्रमाची आहे का, आवाज मराठी माणसाचा आहे का आणि पैसे भरणे थांबल्यावर ती चालू राहते का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावेत. जे अॅप मुलांची नावे, जन्मतारखा आणि पालकांचे मोबाईल नंबर मागते ते शक्यतो टाळावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची खात्रीलायक संमती घेण्याची तरतूद आहे, आणि ते काम शेवटी शिक्षकाच्याच गळ्यात पडते.

विजेचा हिशेब बैठकीतच कागदावर मांडता येतो. 12 व्होल्टची 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री 1800 वॉट-तास देते. बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरायची आणि इन्व्हर्टरमधला व्यय वजा करायचा, तर हाती सातशेच्या आसपास उरतात. 80 वॉटचा टीव्ही त्यावर आठ-नऊ तास चालेल, म्हणजे शाळेचा पूर्ण दिवस. 180 वॉटचे पॅनेल चार तासांत बॅटरी संपवील. टॅबलेट सकाळी घरून चार्ज करून आणता येतात, तेव्हा त्यांना इन्व्हर्टरही लागत नाही. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढण्याची जबाबदारी मात्र ठरावीक मोठ्या माणसाकडे द्यावी आणि शाळेच्या वायरिंगला अर्थिंग नीट आहे का हे खरेदीआधीच तपासून घ्यावे.

खाऱ्या हवेची काळजी कमी खर्चात घेता येते. टीव्हीच्या एचडीएमआय पिनांवर आमच्याकडे ऑगस्टपर्यंत हिरवट थर चढतो. न वापरलेल्या खाचांना रबरी टोप्या लावल्या आणि टीव्ही रोज अर्धा तास तरी चालू ठेवला, की आतल्या उबेने ओल धरत नाही. टॅबलेट आम्ही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची बॅटरी निम्मी भरून ठेवतो.

हे सगळे धरून, पंचवीसपर्यंत पट असलेल्या दोन शिक्षकी शाळेला लाख-सव्वा लाखात काय द्यावे असे कोणी विचारले तर मी क्रम असा सांगेन: आधी अर्थिंग आणि इन्व्हर्टर, मग एक 43 इंची टीव्ही, मग सहा टॅबलेट, आणि कोणाच्या घरी पडून असलेला एक चालू लॅपटॉप. पॅनेलची देणगी मंडळाने पंचक्रोशीतल्या माध्यमिक विद्यालयाला द्यावी, तिथे तिचे चीज होईल. प्राथमिक शाळेसाठी जमलेल्या रकमेतले पंधरा हजार रुपये तरी खर्च न करता शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर ठेवावेत, कारण इन्व्हर्टरची बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते, टॅबलेटची काच त्याआधीच कधीतरी फुटते, आणि त्या दिवशी मंडळ मुंबईत असते.