अंधेरीतलं ३५ हजारांचं पॅकेज आणि आरामनगरमधली छोटी खोली

नाव घेत नाही कारण उगाच झंझट नको, पण अंधेरीला लिंक रोडच्या बाजूला ऑडिशन मिळवून देतो म्हणणाऱ्यांचं काचेचं ऑफिस, एसी फुल्ल, भिंतीवर नटनट्यांसोबतचे फोटो (निम्मे कुठल्यातरी दुकानाच्या ओपनिंगचे वाटतात), रिसेप्शनच्या मॅडम 'तुमचा फेस एकदम कॅमेरा फ्रेंडली आहे' म्हणाल्या आणि मी तिथंच विरघळलो. ३५ हजारांत पोर्टफोलिओ, चार कपडे बदलून फोटो, 'रजिस्ट्रेशन' आणि तीन महिन्यांत दहा ऑडिशन पक्क्या. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला दोन वर्षं एकांकिका केलेली, वाटलं चला आता मुंबई.

फोटो आले ते लग्नाच्या अल्बमसारखे, चेहरा इतका गुळगुळीत की आईनं विचारलं हा कोण. आणि दहा ऑडिशन म्हणजे काय तर व्हॉट्सॅपवर फिरणारे मेसेज फॉरवर्ड करतात, जे ग्रुपवर फुकटात मिळतात. एकदा सकाळची सिंहगड पकडून पुण्याहून गेलो, दीड तास रांगेत उभा, दारातल्या पोरानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि 'नॉट फिट'. ब्रीफ (म्हणजे कसा माणूस हवा ते) होतं पंचेचाळिशीच्या वडिलांचं, मी सत्तावीसचा. पॅकेजवाल्यांनी वाचलंच नव्हतं. रिफंड मागितला तर 'पॉलिसीत नाही'. एक स्टार, तोपण एसीसाठी.

त्याच दिवशी वैतागून वर्सोव्याला आरामनगरमध्ये फिरत होतो, तिथं बैठ्या बंगल्यांत कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आहेत, गल्लीत पोरंपोरी भिंतीकडे तोंड करून डायलॉग पुटपुटत असतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल सगळ्यांचं डोकं फिरलंय. तिथं सेल्फ टेप, म्हणजे आपणच पाठवायचा ऑडिशनचा व्हिडिओ, करून देणारी एक खोली सापडली, अर्ध्या तासाचे ३०० रुपये. राखाडी भिंत, दोन लाइट, स्टँडवर मोबाइल, आवाज येतो म्हणून टेक चालू असेपर्यंत पंखा बंद, घामाची तयारी ठेवून जा. पण तिथला दादा क्यू देतो ना, म्हणजे समोरच्या पात्राचे डायलॉग बोलतो, त्यातच पैसे वसूल. माझा हवालदाराचा सीन होता, मी नाटकाच्या सवयीनं शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतोय, त्यानं कट केलं, म्हणाला 'भाऊ, मी तीन फुटांवर आहे, आणि भुवया खाली घे'. चौथ्या टेकला जमलं. इंट्रोत लेन्समध्ये बघायचं, नाव, वय, उंची, भाषा, मग डावा-उजवा प्रोफाइल आणि हात पुढूनमागून. सीन सुरू झाला की लेन्सकडे नाही, शेजारी क्यू देणाऱ्याकडे. हे ३५ हजारवाल्यांनी सांगितलंच नव्हतं!

त्यानंच समजावलं की कास्टिंगवाल्यांना पैसे प्रॉडक्शन देतं, म्हणून ऑडिशनला आपल्याकडून रुपया मागितला की तिथूनच निघायचं. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन काम मिळाल्यावर कटतं, आधी नाही. फोटो तीनच पुरे, साधे, मेकअपशिवाय, खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढलेले चालतात. आणि ऑडिशन आवडली म्हणजे रोल मिळाला असं नसतं, शॉर्टलिस्ट, मग लुक टेस्ट (त्या पात्राच्या वेशात कसे दिसता ते बघतात), सिरियल असेल तर चॅनलचा होकार, जाहिरात असेल तर क्लायंटचा. जाहिरातीला आधी विचारतात की दुसऱ्या कंपनीची अशीच जाहिरात केलीय का, केली असेल तर खरं सांगा, लपवलं तर शूटनंतर लफडं होतं.

तक्रार एकच, रविवारी तोबा गर्दी आणि बाथरूम शेजारच्या चहावाल्याला विचारून जावं लागतं. बाकी साडेचार स्टार.

तिथून पाठवलेल्या सातव्या टेपवर फोन आला, रोल लॉक म्हणजे पक्का नाही, 'होल्ड' आहे, म्हणजे तारखा राखून ठेवायच्या आणि त्यांनी सोडलं तरी हूं की चूं करायचं नाही. दाढी काढू नका म्हणालेत. नऊ दिवस झाले, खाजेनं जीव चाललाय.