झटपट जेवणासाठी तयार सॉस : कोणते घ्यावेत, कोणते राहू द्यावेत

गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या सुपरमार्केटांत पास्ता सॉस, थाई करी पेस्ट, सोया सॉस आणि शेजवान चटणी आता सहज मिळतात. कामावरून आल्यावर अर्ध्या तासात घरच्यांना काही वेगळे खाऊ घालायचे असेल, तर त्यांचा चांगला उपयोग होतो. मात्र जे नाशिकच्या भाजीबाजारात ताजे मिळत नाही, त्यासाठीच या बाटल्यांवर पैसे खर्चावेत, असे माझे मत आहे.

या कसोटीवर थाई ग्रीन करी पेस्ट पहिली येते. गवती चहा आपल्या कुंडीत असतो, पण गलांगल (आल्यासारखा थाई कंद) आणि मकरूट लिंबाची पाने इथल्या मंडईत सहसा दिसत नाहीत, आणि मिळालीच तरी ते वाटण दमून आल्यावर कोण करणार? ५० ग्रॅमचे एक पाकीट आणि नारळाच्या दुधाची २०० मिलिलिटरची दोन खोकी यांत चौघांची करी होते. पेस्ट थेट दुधात ढवळली तर ती कच्ची लागते. खोक्यातल्या दुधाला सहसा तेल सुटत नाही, म्हणून कढईत आधी चमचाभर तेल घालून पेस्ट मंद आचेवर परतावी, मिरचीचा ठसका नाकाला जाणवू लागला की थोडे दूध घालून पुन्हा परतावे आणि मगच उरलेले दूध, फरसबी, फ्लॉवर व ढोबळी मिरची घालावी. शाकाहारी घरांनी पाकिटावरची हिरवी खूण अवश्य पाहावी, कारण मूळ थाई पद्धतीच्या पेस्टमध्ये खारवून आंबवलेल्या कोळंबीचे वाटण असते. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांना तर ही पेस्ट बहुधा चालणारच नाही.

पास्त्याच्या लाल सॉसबद्दल मी तितका उत्साही नाही. पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो बाजारापासून इतक्या जवळ राहून, हंगामात टोमॅटो स्वस्त असताना, बाटलीतला टोमॅटो विकत का घ्यावा? पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. यादीत टोमॅटोच्या आधी पाणी आणि पाठोपाठ साखर दिसली, तर बाटली परत ठेवलेली बरी. टोमॅटो महागलेले असताना घ्यायचाच झाला, तर लसूण तेलात परतून त्यावर सॉस ओतावा आणि पास्ता उकडलेले वाटीभर पाणी घालावे. त्यातल्या स्टार्चमुळे सॉस पास्त्याला नीट धरतो आणि बाटलीही जास्त पुरते. पांढऱ्या सॉसची बाटली तर मी सुचवणारच नाही, कारण लोणी, मैदा आणि दूध घरात असताना तो दहा मिनिटांत होतो.

सोया सॉसवर मात्र काटकसर करू नये. किक्कोमन या जपानी ब्रँडसारखा सॉस सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी यांपासून कित्येक महिने आंबवून करतात, तर काही स्वस्त सॉस प्रथिनांचे आम्लाने विघटन करून, रंग आणि साखर घालून तयार होतात; दोन्ही शेजारी ठेवून चाखल्यास फरक लगेच कळतो. एका मोठ्या चमच्यात सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ असते आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमांपेक्षा कमी आहे, म्हणून नूडल्समध्ये वेगळे मीठ घालूच नये.

शेजवान चटणी ही चीनच्या सिचुआन प्रांतापेक्षा आपल्याकडच्या चायनीज गाड्यांची चव आहे, आणि तशीच ती घ्यावी. सकाळचा उरलेला भात, कोबी, गाजर आणि दोन चमचे चटणी एवढ्यात स्वस्त जेवण होते. सिचुआनची जीभ बधिर करणारी चव हवी असेल, तर ती चव देणाऱ्या सिचुआन मिरीचे कोकणातले भावंड असलेले तिरफळ, आतली काळी बी काढून, कुटून चिमूटभर घालावे. चटणीत चमचा कोरडाच बुडवावा आणि उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. नाशिकचा उन्हाळा तिला ओट्यावर टिकू देत नाही.