गाडी एका बाजूला ओढते: आधी गावातला मिस्त्री, की थेट अलाइनमेंट?

गाडी डावीकडे ओढायला लागली की चौकात पहिला सल्ला मिळतो, "अलाइनमेंट करून घ्या," म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवून घ्या. यवतमाळ किंवा वाशिम जिल्ह्यातल्या आतल्या गावात राहणाऱ्याला हा सल्ला महागात पडतो. मशीन शहरात, जाण्यायेण्याचं डिझेल वेगळं, वर कामाचा दिवस मोडतो. एवढं करूनही ओढ तशीच राहिली, असं अनेकांच्या बाबतीत होतं.

त्याचं कारण आहे. बऱ्याच लहान गाड्यांत त्या मशीनवर पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन, जुळवता येतो. टो बिघडला की टायर झिजतं, स्टेअरिंग वाकडं राहतं. पण गाडी एका अंगाला ओढली जाते ती बहुधा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) यांच्यातल्या डाव्या-उजव्या फरकानं, टायरमुळे किंवा ब्रेकमुळे. कॅम्बर-कॅस्टर हलले असतील तर खाली काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. मशीन ते आकड्यांत दाखवते, वाकलेला लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) सरळ करत नाही.

म्हणून मी आधी गावातला मार्ग सुचवेन. सुरुवात हवेपासून. आपल्याकडे पांदणीवरचा बाभळीचा काटा टायरात बसला की हवा दिवसेंदिवस हळूहळू उतरते, नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, आणि ज्या पुढच्या चाकात हवा कमी त्या बाजूला गाडी जाते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.

हवा बरोबर असेल तर पुढची दोन्ही चाकं आपसांत बदला. ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण पंक्चरवाल्याकडे ती थोडक्यात होते आणि उत्तर स्वच्छ मिळतं. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरचा. ते टायर मागे टाका. ओढ जागची हलली नाही तर टायर निर्दोष. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र असं बदलू नका.

मग ब्रेक. ब्रेक कमीत कमी वापरत थोडं अंतर चालवून गाडी हळूच थांबवा आणि दोन्ही चाकांजवळ हात न्या. डिस्कला, म्हणजे चाकामागच्या ब्रेकच्या लोखंडी तबकडीला, हात लावू नका. एक चाक जास्त तापलेलं असेल तर तिथला कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) बहुधा अडकलाय आणि गाडी त्याच बाजूला ओढतेय. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर खूण उलटी: ज्या बाजूला गाडी जात नाही, तिथला ब्रेक बहुधा पुरेसा धरत नाही. अशी गाडी शहरापर्यंत नेऊ नका, मिस्त्रीला गावात बोलवा.

शहराची फेरी कधी सार्थकी लागते? गाडी खड्ड्यात जोरात आदळल्यानंतर ओढायला लागली, सरळ चालताना स्टेअरिंग तिरकं राहतं, किंवा टायर एकाच कडेनं खाल्लं जातंय, तर मशीनच हवं. समृद्धी महामार्गावर नेहमी जाणाऱ्यानं तर चालढकल करूच नये. गावच्या रस्त्यावर जाणवत नाही ती ओढ 120 च्या वेगाला हात दुखवते. कापूस, सोयाबीन वाहणाऱ्या पिकअपमध्ये मागचे पाटेही (लीफ स्प्रिंग) पाहून घ्या. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की मागचा एक्सल सरकतो आणि अख्खी गाडी तिरपी चालते. अशा वेळी पुढची चाकं जुळवून काहीच होत नाही.

एक गोष्ट दोन्ही मार्गांआधीची. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे हलकीशी डावी ओढ चांगल्या गाडीतही असते. रिकाम्या, सपाट रस्त्यावर पाहा आणि मगच खिशात हात घाला.

शहरात गेलातच तर बॉल जॉइंट, टाय रॉड, बुश हे चाक आणि स्टेअरिंगचे झिजणारे भाग आधी तपासायला सांगा. यांतलं काही नंतर बदललं तर अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं. कामाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकड्यांचा कागद मागून घ्या. कॅम्बरमध्ये डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक दिसला तर कोणता भाग वाकलाय हे तिथेच विचारा.