नायट्रस किटच्या नावाखाली झालेली फसवणूक: बेळगाव, निपाणी, संकेश्वरच्या गाडीवाल्यांसाठी

हे आजच लिहायला घेतलं, कारण गाडीची ताकद वाढवणारं नायट्रस गॅसचं किट म्हणून आम्हाला खोटा माल विकणारा माणूस अजून धंद्यात आहे. आम्हाला गंडवलं तेव्हाचं इन्स्टाग्राम खातं त्याने बंद केलं. पण तीच निळी बाटली, तोच पत्र्याचा शेड आणि तोच आवाज आता दुसऱ्या नावाच्या खात्यावर दिसायला लागलाय, आणि त्याखाली चिकोडी, संकेश्वर, खानापूरकडची पोरं किंमत विचारतायत. त्याचं नाव इथे देत नाही. प्रकरण पोलिसांत आहे, आणि नाव तो पुन्हा बदलेलच. त्याची पद्धत मात्र तीच राहणार, म्हणून ती सविस्तर सांगतो.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. जुनी होंडा सिटी, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, केए २२ पासिंग. माझं उद्यमबागेत लेथचं काम आहे, त्यामुळे भावाच्या दोस्तांच्या गाड्यांचे ब्रॅकेट, स्पेसर माझ्याकडेच होतात. भावाने नायट्रसचा विषय काढला तेव्हा मी दोनच अटी घातल्या. कागद पक्के पाहिजेत आणि काम जिवावर बेतणारं नको. भावाने फोनवर त्या माणसाला हे सांगितलं, आणि पुढे त्याने आम्हाला नेमक्या याच दोन गोष्टी विकल्या. "दादा, आपलं काम एकदम सेफ आणि लीगल, कागदासकट देतो," हे त्याचं पालुपद.

शेड कोल्हापूरच्या बाजूला, कोगनोळी नाका ओलांडून पुढे. बोलणं गोड. "तुम्ही सीमाभागातली आपली माणसं, तिकडच्या ऑफिसात तुम्हाला भाषेचा त्रास. मी इकडून कागद करून देतो, तो देशभर चालतो." आमच्या लोकांच्या मनातली दुखरी जागा त्याला बरोबर माहीत आहे. तिच्यावर बोट ठेवून पैसे काढले, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

किटचे ४८ हजार, त्यात भरलेली बाटली आणि फिटिंग. पैसे यूपीआयने, पण नाव दुसऱ्याच कुणाचं आलं. "मिसेसचं अकाउंट आहे," म्हणाला. बिल मागितलं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला, आणि लेटरहेडवर 'परफॉर्मन्स ॲक्सेसरीज' एवढंच लिहून दिलं.

आता नायट्रस म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढची लबाडी कळणार नाही. नायट्रस ऑक्साइड हे इंधन नाही, ते स्वतः जळत नाही. इंजिनातल्या उष्णतेत, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे, त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. ऑक्सिजन जास्त आला की पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि ताकद मिळते ती त्या जास्तीच्या पेट्रोलमधून. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उंचावर उडणाऱ्या विमानांच्या इंजिनांना हाच वायू दिला होता, कारण वर हवा विरळ असते.

म्हणजे गॅस सोडला आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर मिश्रण लीन होतं, म्हणजे ऑक्सिजनच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी भडकून ठोके बसतात, आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून 'वेट' किटमध्ये दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह, असतात, एक गॅसचा, एक पेट्रोलचा, आणि दोन्ही एकदम उघडतात. 'ड्राय' किटमध्ये पेट्रोलचा सोलेनॉइड नसतो, तिथे इंजेक्टरमधूनच जास्त पेट्रोल सोडण्याची सोय ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) किंवा फ्युएल प्रेशरमध्ये करावी लागते. याशिवाय पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावरच चालू होणारा स्विच, ठरावीक आरपीएमच्या खाली गॅस सुटू न देणारी वायरिंग, एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, स्पार्क प्लग आणि ठिणगीचं थोडं मागे घेतलेलं टायमिंग. बाटलीच्या व्हॉल्व्हला प्रेशर वाढलं तर फुटणारी सेफ्टी डिस्क हवी, आणि तिथून सुटलेला गॅस गाडीच्या बाहेर नेणारा पाइप हवा. शेडमध्ये त्याने आम्हाला या सगळ्यांची नावं घडाघडा सांगितली. बसवल्या मात्र त्यातल्या थोड्याच, आणि त्याही दाखवण्यापुरत्या.

बाटलीत काय आहे हे आम्ही विचारायच्या आधी त्याने स्वतःहून ती काट्यावर ठेवली. रिकामी अमुक किलो, भरल्यावर तमुक, फरक बरोबर. मग गेज लावला, काटा ९०० पीएसआयच्या (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) आसपास. नायट्रस चालवणारे लोक बाटलीत ९०० ते १००० पीएसआय असलं की चांगलं म्हणतात, हे भावाने वाचलेलं होतं. वजन जुळलं, प्रेशर जुळलं. आता यातली मेख ऐका. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड या दोन्हींचं रेणुभार ४४ आहे. दोन्ही बाटलीत द्रवरूपात भरतात. २५ अंश तापमानाला कार्बन डायऑक्साइडचं प्रेशर साधारण ९३० पीएसआय असतं, खऱ्या नायट्रसचं ८०० च्या थोडं वर. वजनकाटा आणि गेज या दोन्ही परीक्षांत आग विझवायच्या बाटलीतला कार्बन डायऑक्साइडही पास होतो. ज्याला हे ठाऊक आहे त्यानेच तो प्रयोग आमच्यापुढे मांडला, हे भोळेपणातून झालेलं नाही.

गाडी घेऊन घरी आलो आणि नंतर वंटमुरीच्या अलीकडे मोकळ्या जागी भावाने बटन दाबलं. ताकद वाढायची सोडा, गाडी जागच्या जागी दबली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बटन सोडलं की गाडी परत नीट. फोन केला तर उत्तर तयार होतं. "तुमचा ईसीयू जुना आहे, मॅपिंग करावं लागेल, २२ हजार." मॅपिंग म्हणजे ईसीयूतली सेटिंग बदलणं. भावाने ऐकून त्यातले निम्मे पाठवले. नंतर मला आणखी दोघे भेटले, एक निपाणीचा, एक संकेश्वरचा. दोघांनाही 'मॅपिंग' हाच दुसरा हप्ता सांगितलेला. पहिल्या पैशांत तो आशा विकतो आणि दुसऱ्या पैशांत त्या आशेची दुरुस्ती.

आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडून वायरी मागे मागे तपासत नेल्या. गॅसच्या सोलेनॉइडची वायर रिलेपर्यंत होती. पेट्रोलच्या सोलेनॉइडची वायर हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, टेपखाली गेली होती आणि आत तोडून, टोकाला टेप गुंडाळून ठेवली होती. पेट्रोलची नळी लाइनला जोडलेलीच नव्हती. बाटलीत खरा नायट्रस असता तर जास्तीचं पेट्रोल न मिळता पूर्ण थ्रॉटलला इंजिन गेलंच असतं. गॅस खोटा होता म्हणून ते वाचलं.

गॅस खोटा आहे हे सिद्ध केलं आमच्या शेजारच्या निवृत्त विज्ञान शिक्षकांनी. सर म्हणाले, "अरे, चुन्याची निवळी करा की, आठवीतला प्रयोग आहे." पानपट्टीवरून खायचा चुना आणला, पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, वरचं नितळ पाणी काचेच्या ग्लासात घेतलं. दुसऱ्या दिवशी उघड्या अंगणात, आधी फुग्यात थोडा गॅस घेऊन तो बारीक नळीने त्या पाण्यात सोडला. बघता बघता पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. मग दुसऱ्या ग्लासात गॅस भरून आत धगधगती उदबत्ती धरली. ती लगेच विझली. खऱ्या नायट्रसमध्ये निवळी नितळच राहते आणि उदबत्तीचा निखारा उलट फुलतो. फुगा भरताना व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडायचा, हातात चामड्याचे मोजे, आणि बंद खोलीत अजिबात नाही. द्रव उडाला तर कातडी गोठते. आणि हा गॅस हुंगायचा खेळ काही पोरं करतात असं ऐकतो, त्यांना हात जोडून सांगतो, कार्बन डायऑक्साइड असो की नायट्रस, दोन्हींनी माणूस बेशुद्ध पडून मरू शकतो.

बाटलीचा निळा रंग मी सुरीच्या टोकाने थोडा खरवडला. खाली लाल निघाला. आग विझवायच्या जुन्या बाटलीला निळा रंग मारलेला, कारण आपल्याकडे दवाखान्यातल्या नायट्रसचा सिलिंडर निळा असतो. मानेवर जिथे सिलिंडर नंबर आणि टेस्टची तारीख ठोकलेली असते, तिथे ग्राइंडर फिरवलेला होता. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला ग्राइंडरचे चरे ओळखायला चष्मा लागत नाही. तिथला पत्रा किती पातळ झालाय कोण जाणे, आणि सेफ्टी डिस्कच्या जागी साधा बोल्ट. एप्रिलमध्ये बेळगावात पारा ३६ च्या पुढे जातो, उन्हात लावलेल्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि नायट्रस साधारण ३६ अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही, आणि भरलेल्या बाटलीत प्रेशर झपाट्याने चढतं. अशी बाटली मागच्या सीटमागे ठेवून माझा भाऊ घरच्यांना घेऊन हिंडला असता. अजूनही आई हा विषय निघाला की गप्प होते.

आता कागद. त्याने दिलेलं 'अप्रूव्हल सर्टिफिकेट' पुण्यातल्या वाहन तपासणी संस्थेच्या नावाचं होतं, शिक्क्यासकट. नीट बघितलं तर ते सीएनजी किटचं होतं. जिथे सीएनजी लिहिलेलं असावं तिथे पट्टी चिकटवून नायट्रस टाइप केलं होतं आणि झेरॉक्स काढली होती. अक्षरांची जाडी वेगळी. पण खाली 'वर्किंग प्रेशर २०० बार' तसंच राहिलं होतं. बार हेही दाबाचंच एकक. २०० बार सीएनजीचं, नायट्रसच्या बाटलीत साधारण ६० च असतात. हा सापळा फार चपखल आहे, कारण सीएनजीचं मान्यताप्राप्त किट बसवून आरसीवर नोंद करता येते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि "हेही तसंच" म्हटलं की पटतं.

ते तसं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. इंधन बदलायला कायद्यात वाट आहे, पण नायट्रस इंधनच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर रेस लावली तर कलम १८९ वेगळं. सिलिंडरला २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागतात, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेची) मान्यता नसलेली बाटली भरणंच बेकायदा. दवाखान्याचा नायट्रस तर औषध म्हणून कायद्यात आहे, तो गाडीसाठी विकता येत नाही. कायदा केंद्राचा आहे, केए असो की एमएच, उत्तर एकच. ज्यांना खरंच हा शौक करायचा आहे त्यांनी मोटरस्पोर्ट फेडरेशनच्या परवानगीने बंद ट्रॅकवर होणाऱ्या ड्रॅग स्पर्धांकडे जावं. कुठल्या वर्गात काय चालतं ते त्यांच्या नियमांत बघावं आणि गाडी ट्रॅकवर ट्रेलरने न्यावी. 'रोडवर सेफ आणि लीगल' म्हणून नायट्रस विकणारा खोटं बोलतोय, एवढं पक्कं धरा.

आणि याच कायद्याच्या भीतीवर त्याचा धंदा चालतो. "तक्रार करा की, तुमचीच गाडी जप्त होईल," असं तो फोनवर उघड म्हणाला. निपाणीचा पोरगा त्या धमकीनेच गप्प बसला होता. आम्ही वकिलाला विचारून किट गाडीत असतानाचे फोटो आणि व्हिडिओ काढले, मग किट उतरवून गाडी मूळ स्थितीत आणली, आणि तक्रार दिली. पहिल्यांदा ठाण्यात "शेड तिकडे आहे, तिकडे जा" हेच ऐकायला मिळालं. सीमेवर राहणाऱ्याला हे नवीन नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्या हद्दीत घडला याचा विचार न करता ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते, आणि पैसे तर आमच्या बेळगावातल्या खात्यातून गेले होते. वकिलाने हे लेखी दिल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची, नोंद झाली.

ग्राहक आयोगाचंही तसंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो. दुकान कोल्हापूरकडे असलं तरी बेळगावात चालतं, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, लवकर कळवलं तर रक्कम समोरच्या खात्यात गोठवता येते. आमच्या बाबतीत तोवर वेळ गेली होती.

निपाणी आणि संकेश्वरच्या दोघांनी आता आपापली वेगळी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे अशी निळी बाटली असेल तर ती रिकामी करून भंगारात घालू नका, कापू नका, परत त्याच्याकडे भरायला नेऊ नका. व्हॉल्व्ह बंद करून सावलीत, हवेशीर जागी, माणसांच्या वावरापासून लांब उभी बांधून ठेवा. ग्राइंडर मारलेल्या मानेचा जवळून फोटो काढा, व्हॉट्सॲपचं बोलणं आणि यूपीआयच्या पावत्या जपून ठेवा, आणि बाटली पंचनाम्यात दाखवूनच पोलिसांच्या ताब्यात द्या.