बिडाच्या जुन्या शेगडीचे अस्तर: घन फायरब्रिक, हलकी वीट, की कास्टेबल?

बेळगावच्या कॅम्पातील एखाद्या जुन्या बंगल्यात किंवा जांबोटी-कणकुंबीकडच्या घरात खोली तापवण्यासाठी बिडाची शेगडी असेल आणि तिच्या पोटातल्या काही विटा गळून पडल्या असतील, तर नवे अस्तर बसेपर्यंत ती पेटवू नये. सुक्या लाकडाचा जाळ चुलाण्यात सहज ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत जातो. उघडे पडलेले बीड त्या आचेने लाल होते, वाकते आणि शेवटी तडकते. मग त्या फटीतून धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही खोलीत येऊ शकतो. याउलट वीट जागेवर पक्की असून तिला केसाएवढीच चीर गेली असेल, तर ती बदलण्याची गरज नाही. हात लावताच भुगा पडणारी किंवा तुकडा निखळलेली वीट मात्र काढलीच पाहिजे.

पहिला पर्याय घन फायरब्रिकचा, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीच्या भरीव विटेचा. उद्यमबाग आणि मच्छे परिसरात फाउंड्र्या (धातू वितळवून ओतणारे कारखाने) असल्यामुळे या विटा आपल्याकडे कठीण नाहीत. नेहमीची वीट २३० × ११५ × ७५ मिलिमीटरची, साधारण चार किलो वजनाची असते. पण घरगुती शेगडीत ७५ मिलिमीटर जाडी बहुधा मावत नाही आणि ३२ ते ३८ मिलिमीटरची ‘स्प्लिट’ मागावी लागते. उरलेल्या विटेची जाडी पट्टीने मोजूनच दुकानात जावे, कारण जाड विटेने चुलाणे लहान होते आणि पातळ विटेमागे बीड अधिक तापते. लाकडाच्या जाळाला मध्यम उष्णतेची, भारतीय मानकातील (आयएस) ६ क्रमांकाच्या प्रतीची वीट पुरते; आयएस ८ किंवा त्याहून अधिक अॅल्युमिनाची वीट लोखंड-पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांसाठी असते, तिच्यावर जादा पैसे घालवण्यात अर्थ नाही. भट्टीचे अस्तर बदलताना निघालेल्या जुन्या विटा स्वस्त मिळतात. त्यांतली जिच्या तोंडावर मळीचा (वितळलेल्या धातूतून निघणाऱ्या गाळाचा) काचेसारखा थर चढलेला नाही आणि जी ठोकल्यावर खणखणीत वाजते, तीच घ्यावी. बद्द आवाज आला, तर ती आतून फुटलेली समजावी.

दुसरी हलकी इन्शुलेशन वीट. घन विटेच्या शेजारी ती हातात घेतली की फरक लगेच कळतो: वजन निम्म्याहूनही कमी, अंगभर बारीक छिद्रे, आणि नखाने ओरखडा उठतो. करवतीने ती सहज कापता येते. तिच्यातून उष्णता फार कमी बाहेर जात असल्याने चुलाणे लवकर तापते आणि जाळ स्वच्छ होतो; पण जुन्या शेगडीत धुराची वाट सरळ धुरांड्यात जात असेल, तर अडवलेली हीच उष्णता खोलीत येण्याऐवजी वर निघून जाते. शिवाय बाभळीचे किंवा जांभळीचे ओंडके आत टाकताना बसणारे धक्के तिला सोसत नाहीत. जागा असेल तर घन विटेच्या पाठीमागे ती उत्तम, जाळासमोर मात्र बसवू नये. व्हर्मिक्युलाइटच्या, म्हणजे तापवून फुलवलेल्या हलक्या खनिजाच्या, फळ्यांचेही तसेच: शेगडीत मुळात त्याच असतील तर पुन्हा त्याच बसवाव्यात, एरवी नकोत.

शेगडीची पाठ गोलाकार असेल, तर विटा कापत बसण्यापेक्षा कास्टेबल, म्हणजे पाण्यात कालवून ओतायचे आच सोसणारे मिश्रण, बरे. पुठ्ठ्याचा नमुना काढून लाकडी साच्यात ते ओतता येते. पाणी पोत्यावर सांगितले आहे तेवढेच घालावे. ओतायला सोपे म्हणून जास्त पाणी घातले, की तयार लादी कच्ची राहते. एक दिवस ओलसर राखून नंतर ती अनेक दिवस सावलीत वाळवावी, कारण आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली की लादीचे पापुद्रे उडतात. उघडलेले पोते आपल्या पावसाळ्यात दमट हवेने निकामी होते, तेव्हा लागेल तेवढेच घ्यावे.

साधी वीट, चिरा आणि सिमेंटचा गिलावा हे पर्याय मी गणतीत धरत नाही. सिमेंटची पकड ४०० ते ५०० अंशांच्या सुमारास सुटू लागते, तर साधी वीट वारंवार तापून-निवून फुटते. मातीचा लेप घरच्या चुलीला चालतो, कारण तो पुन्हा पुन्हा देता येतो. शेगडीच्या उभ्या बिडावर तो टिकत नाही.

सरळ भिंतींच्या बहुतेक शेगड्यांसाठी माझा कौल घन स्प्लिटलाच आहे. त्या कोरड्याच रचाव्यात आणि वीट फुगण्यासाठी बिडापासून सुमारे तीन मिलिमीटर जागा सोडावी. डायमंड ब्लेडने कापताना वीट ओली ठेवावी आणि धूळ अडवणारा योग्य मास्क लावावा, कारण या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते. दाराभोवतीची जुनी पांढरी दोरी अॅस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून ती कोरडी ओढून तोडू नये, जाणकाराला दाखवावी. नव्या अस्तरावर पहिले काही जाळ काटक्यांचे, छोटे आणि वेगवेगळ्या दिवशी करावेत. खानापूरच्या पावसात चार महिने बंद राहिलेली शेगडी दिवाळीनंतर प्रथम पेटवतानाही हीच काळजी घ्यावी, कारण विटांनी तेवढ्या काळात ओल धरलेली असते.