एव्हरेस्ट बेस कॅम्प: पैसे घेतले, रेस्ट डे गिळले

एव्हरेस्ट बेस कॅम्पचं पॅकेज घेणार असाल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आयोजक पुण्याचा. छापील कार्यक्रमात नामचे (३४४० मीटर) आणि डिंगबोचे (४४१० मीटर) इथे एकेक रेस्ट डे, शिवाय ठळक अक्षरांत ‘हेलिकॉप्टरसह विमा’.

नामचेत जेवताना गाइड म्हणाला, “तुम्ही सह्याद्रीवाले, तुम्हाला कसला रेस्ट डे? उद्याच निघू.” अहो, कळसूबाई १६४६ मीटरलाच संपतं! दम आणि पाय घरून तयार करून नेता येतात, विरळ हवेची सवय मात्र वर राहूनच होते. ३००० मीटरच्या पुढे झोपायची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम त्याच उंचीवर करायचा (हाच रेस्ट डे), हा साधा नियम आहे. आम्ही कार्यक्रमाचा कागद दाखवला, तर म्हणे पुढचे लॉज बुक झालेत. डिंगबोचेतही हीच टेप. मुक्काम कमी झाला की खोली, जेवण, पोर्टरची मजुरी वाचते. कोणाची, ते सांगायला नको.

लोबुचेला (४९४० मीटर) मावसभावाचं डोकं ठणकायला लागलं, रात्री उलट्या. पहाटे गाइड फोन काढून तयार: “हेलिकॉप्टर बोलावतो, विमा आहेच.” मी आयोजकाकडून पॉलिसी मोबाइलवर मागवली. साधी प्रवास पॉलिसी, ३००० मीटरच्या वर लागूच नाही! बिल आमच्याच गळ्यात पडलं असतं. गरज नसताना हेलिकॉप्टर उडवून कमिशन खाण्याचे प्रकार २०१८ मध्ये खुद्द नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झालेत.

भावाला जमिनीवरच्या फळीच्या सांध्यावरून, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत चालायला लावलं. सरळ चालला, बोलणंही स्वच्छ. झोकांड्या गेल्या असत्या तर मेंदूला सूज आल्याची शंका घ्यायची आणि मग बिल कोण भरणार हे बघत बसायचं नसतं. आम्ही त्याची सॅक घेतली, सावकाश उतरून फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वर जायला साफ मनाई केली. रात्रीतून त्याचं डोकं उतरलं, सकाळी डाळभात मागून खाल्ला.

परतल्यावर आयोजकाचं उत्तर: ‘हवामानानुसार कार्यक्रम बदलू शकतो.’ नामचे ते लोबुचे आम्हाला ढग दिसला नव्हता, फोटो पाठवले. बरीच हुज्जत घातल्यावर विम्याचे पैसे परत आले, रेस्ट डेचा एक रुपयाही नाही. बुकिंगआधीच पॉलिसीची प्रत मागा. ६००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर दोन्ही त्यात लेखी हवं. ‘काठमांडूला देतो’ म्हणाला तर दुसरा आयोजक बघा.